आक्काचा हात कुणी मोडला

माईक जरा खाली घ्या. आणखी. हां, आता बास.

जमलेल्या पावण्यांनो, आयाबायांनो, दूध संस्थेच्या मंडळींनो, आणि पुढं खुर्चीत बसलेलं आमचं भावजी, आक्काचं मालक. मी मालन. हौसाआक्काची धाकटी जाऊ. काल आक्काचं दिवसकार्य झालं, आज ही शोकसभा. मला बोलू द्यायचं कुणाच्या मनात न्हवतं. मीच उठलो.

अशा येळी गळा दाटून आलाय असं म्हणायची पद्धत हाय. माझा न्हाय दाटलेला. चांगला मोकळा हाय. तरी बोलाय जड जातंय, ते येगळ्या कारणानं. जे बोलायचंय ते घरातल्या माणसांबद्दल हाय, आणि ती माणसं समोरच बसल्यात, पांढरी इस्त्रीची कापडं घालून.

सगळी चांगलं बोलली. चेअरमन म्हणालं, आदर्श माता. हायस्कुलचं सर म्हणालं, आक्का मोकळ्या हातानं गेल्या. कुणीतरी म्हणालं, तानाजी-संभाजीनं आईला तळहातावरच्या फोडागत जपलं. मी ऐकत बसलो हुतो. म्हटलं, चालू दे. मेलेल्याबद्दल चांगलंच बोलायचं असतंय, आणि जित्या पोरांबद्दल त्याहून चांगलं.

पण मग एकजण उठलं आणि म्हणालं, "त्या फिजिओवाल्या पोरीनं हात मोडला, न्हायतर आक्का आणखी जगली असती." आणि तुमी सगळ्यांनी माना हलवल्यासा.

म्हणून उठलो मी. आक्काचा हात कुणी मोडला, एवढंच सांगणार हाय. सांगून खाली बसणार. ती पोरगी आलीया. मागं, चपलांच्या ढिगापाशी उभी हाय. स्नेहल तिचं नाव. एवढ्या माणसांत तिला कुणी बस म्हटलं न्हाय.

थांब तानाजी. माईक बंद करू नकोस. माझा आवाज गोठ्यातनं चावडीपातूर जातोय, तुला ठावं हाय.

तर ऐका. आक्का या घरात आली तवापासनं गोठा तिचा. गावात कुणाची म्हैस नवी व्यालेली असली, लाथा झाडाय लागली, की माणसं आक्काला बोलवाय यायची. आक्का काय करायची? आधी कासंवर कोमट पाणी मारायची. मग पाठीवरनं हात फिरवत फिरवत खाली आणायची. तोंडानं च्यक् च्यक् करायची. आणि थांबायची. थांबायची, बरं का. म्हैस पान्हा सोडंस्तवर सडाला हात घालायची न्हाय. ओढलं की म्हैस दूध चोरती, आत आखडून धरती. हे तिनं तानाजीला शिकवलं, संभाजीला शिकवलं, मला बी तिनंच शिकवलं. हितल्या कुठल्या घरात हे ठावं न्हाय? तुमच्यातला कुणी म्हशीला हिसडं मारून धार काढतोय का? न्हाय काढत. एवढी अक्कल समद्यांस्नी हाय.

मग तिचं डोस्कं जायला लागलं. डिमेन्शिया म्हणालं डॉक्टर. आधी विरजण लावायचं विसरली. मग पोरांची नावं. एक दिवस तानाजी कामावरनं आला, तर त्याला म्हणाली, "बसा पावणं. कुठल्या गावचं म्हणायचं तुमी?" आमी सगळी हसलो. तानाजी हसला न्हाय. त्याला राग आला. पोटच्या पोराला वळखत न्हाय म्हंजे काय, म्हणाला, नाटकं करतीया.

मग अंग आखडलं. उजवा हात कोपरात मुडपला आणि छातीला चिकटला. मूठ मिटली. कशी मिटली ठावं हाय का? अंगठा आत, बोटं वर. धार काढायची मूठ. सगळं विसरली, मूठ तेवढी ऱ्हायली.

नखं तळव्यात रुतायची. तळव्याला फोड आला, वास याय लागला. तळहातावरचा फोड म्हणालासा न्हवं मघाशी? त्यो ह्यो. तानाजी मूठ धरून उघडाय बघायचा. "आई, सोड! सोड म्हणतोय न्हवं!" ह्यो जितका ओढणार तितकी ती घट्ट. मग आमाला म्हणायचा, "बघा, कसली हट्टी. अजून रग हाय म्हातारीच्या अंगात." दूध संस्थेचा संचालक ह्यो. म्हशी हाताखालनं काढलेला माणूस.

मग स्नेहल आली. गडहिंग्लजकडची पोरगी, फिजिओथेरपी शिकलेली, स्कुटीवरनं गावोगाव फिरायची. पयल्या दिवशी तिनं आक्काच्या हाताला हातच लावला न्हाय. शेजारी बसून ऱ्हायली. संभाजी म्हणाला, "म्याडम, काय करणार हाईसा का नुसतं बसणार?"

ती म्हणाली, "दादा, आजी हट्ट करत नाहीयेत. या आजारात अंग सैल सोडायचा निरोपच शरीराला नीट मिळत नाही. आपण जितकं जोरात आणि पटकन ओढू, तितकं त्यांचं शरीर आपोआप उलटा जोर लावतं. त्यांच्या मनात नसलं तरी."

मग तिनं कोपराखाली उशी दिली. आक्काच्या तोंडासमोर गेली आणि सांगितलं, "आजी, मी आता तुमचा हात धरते हं." खांद्यापासनं हात फिरवत खाली आली. हळू. लई हळू. आक्कानं जोर लावला की ती थांबायची. ओढायची न्हाय, सोडायची बी न्हाय. नुसती थांबायची. आणि मूठ सुटली. एकेक बोट करत सुटली. तिनं तळवा पुसला आणि मऊ धडप्याची गुंडाळी करून आत ठेवली.

मी दारात हुतो. म्हटलं, "अगं पोरी, ही तर धारंची रीत की!" तिला धार कशी काढत्यात ते ठावं न्हवतं. मला तिचं शिक्षण ठावं न्हवतं. दोघी हसलो.

तिनं खोटी आशा दाखवली न्हाय, हे बी सांगतो. म्हणाली, "काकू, यानं आजार बरा होणार नाही. हात पहिल्यासारखा सरळ होईल असंही मी म्हणत नाही. पण धुताना, नेसवताना त्यांना दुखणार नाही." एवढंच. आणि एवढंच पायजे हुतं की.

तवापासनं अंघोळीच्या आधी मी करायचो. च्यक् च्यक् करत खांद्यावरनं खाली यायचो. कधी कधी मूठ सुटली की आक्काची बोटं माझ्या अंगठ्याभवती हलाय लागायची. धार काढायची माझी. मी म्हणायचो, "आक्का, आटलोय गं मी, सोड आता." आणि ती हसायची. जन्मभर आमी दोघी भांडलो. चुलीवरनं भांडलो, नळावरनं भांडलो. पण त्या खोलीत आमचं लई बरं चाललं हुतं.

आणि प्राजक्ताचं लगीन ठरलं. तानाजीची लेक. कबनूरचं घर, मागाचा मोठा कारखाना. झालं, घराच्या अंगात वारं शिरलं. आई मांडवात बसली पायजे. बरं, बसू दे. शालू नेसून पायजे. बरं. हातात हिरवा चुडा पायजे, सवाष्ण बाई हाय, मोकळा हात व्याह्यांस्नी कसा दिसंल?

स्नेहल म्हणाली, "दादा, बांगड्या नकोत. घरात गर्दी असेल, बाजा असेल, आजी घाबरतील. घाबरल्या की अंग आणखी ताठ होतं. शाल पांघरून बसवा, चांगलंच दिसेल. लग्नाच्या धामधुमीत मी येत नाही. काकू आहेतच." आणि ती गेली. लग्नाच्या आदल्या दिवशी न्हाय, लग्नादिवशी न्हाय, ती पोरगी या गावात पाय ठेवायला आली न्हाय. ऐकलंसा का मागं? न्हायतर परत सांगतो.

आता तुमी म्हणशीला, मग मालनकाकू, तू कुठं हुतीस? चांगलं इचारलंसा.

आपल्या गावानं ठराव केलाय की न्हाय? विधवेला मान द्यायचा. तिला बाजूला बसवायचं न्हाय. तानाजीनंच भाषण केलं. "आमच्या काकूंपासून सुरुवात करूया" म्हणाला. मला पुढं बसवून हार घातला. फोटो काढला. आणि लग्नादिवशी, चुड्याच्या सकाळी तोच तानाजी मला म्हणाला, "काकू, तू जरा गोठ्याकडं बघ. कासार आलाय. सवाष्णींचं काम हाय."

गेलो मी. म्हशींच्या कासा दुधानं तटल्या हुत्या, भांडत बसाय येळ न्हवता. आक्काची मूठ न दुखवता उघडाय येणारं त्या सकाळी घरात एकच माणूस हुतं. आणि त्या माणसाला तुमी गोठ्यात धाडलंसा. का? तर त्याचा नवरा मेलेला.

खोलीत काय झालं ते मी बघितलं न्हाय. प्राजक्तानं सांगितलं, पयल्यांदा माहेरी आली तवा, माझ्या मांडीवर डोकं घालून. ती बसलीया तिकडं, सासरच्यांजवळ. मान खाली घालू नकोस गं. तू सांगितलंस, बाकीच्यांनी तेवढं बी केलं न्हाय.

कासारानं हात बघितला आणि म्हणाला, मूठ सैल न्हाय, ऱ्हाऊ दे. तर ह्यांनी त्यालाच दमात घेतलं. शकुनाचं हाय, भर म्हणाले. संभाजीनं मनगट धरलं. तानाजीनं खांदा धरला. भाइर बेंजोचा ताफा वाजाय लागला हुता. आणि माझी आक्का, जिनं कित्येक महिन्यांत एक शबुद काढला न्हवता, तिनं तोंडानं काय केलं? च्यक् च्यक् केलं.

समजलं का तुमाला? बिथरलेल्या म्हशीला करतोय तसं. तिला वाटलं असंल, गोठ्यात कायतरी बिथरलंय, आपण जरा शांत करावं. आणि बाया हसल्या. "म्हातारी धार काढाय बसली" म्हणून हसल्या. हितंच बसल्यात त्या बाया. आत्ता पदरानं डोळं पुसालीत.

मग ओढला हात. बांगडी पिचली, मनगटाला काच लागली. सगळी ओरडली, "वाढली, वाढली!" आपल्यात बांगडी फुटली म्हणत न्हाईत, वाढली म्हणत्यात. लग्नाच्या घरात अपशकुन नको. दंडाचं हाड बी त्याच हिसड्यात गेलं. त्याला काय म्हणायचं? हाड बी वाढलं म्हणायचं? बांगडीसाठी देवाला नारळ वाढवला. हाडाकडं कुणी बघितलं न्हाय, कारण आक्का ओरडली न्हाय. या आजारात दुखतंय हे बी माणसाला सांगाय येत न्हाय. नुसतं अंग ताठतंय. आणि ताठलं की तुमी म्हणता, हट्टी हाय.

चुडा भरला. त्याच हातात भरला.

भावजी, तुमी तितंच खुर्चीत हुतासा. तुमी म्हणालासा, "भरा रं, मोकळा हात बरा दिसत न्हाय." चुडा नवऱ्याच्या आयुष्यासाठी भरत्यात. तुमचं आयुष्य वाढलंय, भावजी. देव तुमाला लई वर्सं ठेवो. उद्या तुमचं अंग आखडलं, की हीच पोरं तुमाला बी अशीच जपतील.

बस, संभाजी. आईला धरून ठेवताना उभा हुतास तेवढं बास झालं. आता बस.

दुपारी अक्षता झाल्यावर मला खोलीत सोडलं. मी शालू उतरवला. दंड सुजून काळानिळा झाला हुता. हात लावला तर तिचं सगळं अंग थरथरलं. मी तानाजीला हाक मारली. तो आला, बघत ऱ्हायला, आणि रडला. मी खोटं सांगणार न्हाय, ढसाढसा रडला. मग डोळं पुसलं आणि पयलं वाक्य काय बोलला? "कबनूरकरांस्नी कळता कामा न्हाय." आणि दुसरं वाक्य, "त्या फिजिओवालीनंच ओढला असंल."

किती सोपं झालं बघा. बाहेरगावची पोरगी. हात धरायचं तिचंच काम. सगळ्या गावाला लगेच पटलं. संस्थेत दूध घालाय आलेल्या बाया बोलाय लागल्या. बोलत बोलत कोडोलीच्या बाजारापातूर गेलं. तिची स्कुटी दिसली की माणसं दार लावून घ्यायला लागली. तिची सगळी घरं सुटली. आणि तुमच्या घरातली म्हातारी माणसं? ती आखडून तशीच पडल्यात, आणि तुमी त्यांची कापडं हिसडं मारून बदलताय. मला म्हाईत न्हाय असं समजू नका. भिंतीपलीकडनं ऐकू येतंय.

मी घरात बोललो. ताट सारून बोललो, दार आपटून बोललो. संभाजी म्हणाला, "काकू, हे भाइर बोललीस तर आईच्या खोलीत पाय ठेवायचा न्हाय." असा सौदा झाला. आक्काचा डावा हात बी मिटाय लागला हुता. मी खोलीत गेलो न्हाय तर त्यो कोण उघडणार? ह्यो तानाजी? मग मी तोंड मिटलं, तिची मूठ उघडायसाठी. आता आक्का न्हाय. आता मला कुठल्या खोलीतनं भाइर काढणार हाईसा?

प्लास्टर घातल्यावर तिचं बसणं बंद झालं. निजून निजून छातीत कफ भरला. कोल्हापूरला नेलं, आणलं, परत नेलं, परत आणलं. शेवटी घरातच गेली. मी उशाशी हुतो. श्वास थांबला, आणि जरा येळानं मूठ सुटली. दोन्ही हातांची. कुणी ओढली न्हाय, कुणी सोड म्हटलं न्हाय. सर, तुमी बरोबर बोललासा. आक्का मोकळ्या हातानंच गेली. मोकळा व्हायसाठी तिला मरावं लागलं.

आणि मग काय केलं? सवाष्ण गेली म्हणून परत चुडा भरला. तोच कासार आणला. ह्या येळंला मी गोठ्यात न्हवतो, दाराआड उभा हुतो. हात सैल हुता, बांगड्या सरासरा चढल्या. एक बाई दुसरीला म्हणाली, "बघ की, किती गुमान भरून घेतला." तानाजीनं हात जोडलं. त्याला समाधान वाटलं. आई शेवटी ऐकली त्याचं.

स्नेहल, पुढं ये बाई. चपलांतनं भाइर ये. चेअरमन, तुमची खुर्ची द्या तिला. द्या की, उठा. तुमच्या घरात बी तुमची आई आखडून पडलीया, तुमाला हिची गरज लागणार हाय.

झालं माझं. आता श्रद्धांजली घ्यायची.

त्याआधी हा फोटो. हार घातलेला. मघापासनं सगळी म्हणताय, काय समाधानी चेहरा, काय तेज. फोटो कधीचा हाय ठावं हाय का? लग्नातला हाय. मांडवातला. शेजारची माणसं कापून आक्का तेवढी मोठी करून घेतली. फोटोवाला म्हणाला हुता, "आज्जी, जरा हसा." नीट बघा. ते हसू न्हाय, दात आवळल्यात. उजव्या खांद्यावरनं शालूचा पदर घेतलाय न्हवं, त्याच्याखाली हात हाय. त्यो मोडलेला हाय. हा फोटो निघाला तवा त्यो मोडलेलाच हुता.

उभं ऱ्हावा सगळी. भावजी, तुमी बी. संभाजी, त्यांना धर. हळू धर.

अशा येळी डोळं मिटायची रीत हाय. आज मिटायचं न्हाय. हात जोडायचं न्हाय, खाली मोकळं सोडायचं. फोटोतल्या त्या पदराकडं बघायचं, आणि गप्प ऱ्हायचं. तानाजी, मान वर कर.

मी बास म्हणंस्तवर कुणी खाली बसायचं न्हाय.